तारांसाठी लावलेला मिनी-स्क्रू हलतोय, हाडं कमकुवत असतील का?

अनघा_आई:
मुलगी चौदा वर्षांची आहे. वरचे पुढचे दात मागे घेण्यासाठी दोन्ही बाजूंना, दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मधे, मिनी-स्क्रू (दात ओढायला आधार म्हणून हाडात बसवतात ते छोटे स्क्रू) बसवले होते. उजवा पक्का आहे, डावा हलतो. तिथली हिरडी लाल झाली आहे आणि ब्रश लागला की रक्त येतं. डॉक्टर म्हणाले, काढून थोडी जागा बदलून लावू. पण एकाच तोंडात एक टिकतो आणि दुसरा नाही, असं कसं? कॅल्शियमच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

सुमेध:
माझे वरचे दोन्ही शेवटपर्यंत टिकले, खालचा मात्र निघाला. काढताना काही दुखलं नाही, उलटा फिरवला आणि आला बाहेर. मुलीला एवढंच सांगा की जिभेने सारखा चाचपत बसू नकोस.

ऑर्थो_डॉक्टर:
अनघाताई, गोळ्यांनी स्क्रू घट्ट होणार नाही. तिची हाडं कमकुवत आहेत असंही यावरून म्हणता येत नाही. स्क्रू निघण्याचं प्रमाण जगभरात साधारण दहात एकाच्या आसपास, थोडं वरच आहे. वाढत्या वयात हाड पुरतं घट्ट झालेलं नसतं, त्यामुळे मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये हे जास्त दिसतं.

हा स्क्रू सुरुवातीला धरून ठेवतो तो हाडाचा बाहेरचा कठीण थर. तो किमान १ मिमी जाड असावा अशी आमची अपेक्षा असते. पण हा थर जागोजागी बदलतो, कधीकधी डाव्या-उजव्या बाजूलाही फरक असतो. बसवल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक. जुनी पकड ओसरत असते आणि भोवती नवीन हाड अजून पुरेसं आलेलं नसतं.

माझा पहिला संशय मात्र दाताच्या मुळावर असतो. दोन मुळांमधली जागा अरुंद असते, स्क्रूची जाडी साधारण दीड मिमी. तो मुळाला टेकला, तर चावताना दात जेवढा हलतो, तेवढा धक्का दर घासाला स्क्रूला बसतो. म्हणूनच मी भूल बेताचीच देते. हाडात फिरवताना रुग्णाला फक्त दाब जाणवतो, पण मुळाजवळ गेलं की तो दचकतो आणि माझ्या हातालाही विरोध एकदम वाढलेला कळतो. तिथेच थांबून दिशा बदलायची.

जास्त आवळणंही वाईटच. १.६ मिमीच्या स्क्रूसाठी ५ ते १० न्यूटन-सेंटिमीटर पीळ ठीक मानतात. फार पुढे गेलं की भोवतालचं हाड दबून मरतं. त्या दिवशी दगडासारखा घट्ट वाटलेला स्क्रू मग काही आठवड्यांनी डुगडुगतो. सुमेध, खालच्या जबड्याचं कोडं बरंचसं इथेच आहे. तिथलं हाड टणक, पण त्यामुळेच दाब आणि उष्णता जास्त, शिवाय घट्ट हिरडीची पट्टीही अरुंद. गालाबरोबर हलणाऱ्या मऊ त्वचेत स्क्रू आला की सूज ठरलेलीच.

स्क्रूला लगेच दात ओढणारी स्प्रिंग लावली म्हणून तो निघाला, असं बरेच पालक समजतात, पण तसं नसतं. दीड-दोनशे ग्रॅमपर्यंतचा हलका ओढा पहिल्या दिवसापासून चालतो.

अनघा_आई:
डॉक्टर, खूप धीर आला. मग सूज आली म्हणून सैल झाला, की सैल झाला म्हणून सूज?

ऑर्थो_डॉक्टर:
दोन्ही होतं, नुसतं बघून सांगणं कठीण. तुमच्या डॉक्टरांना एक्स-रेमध्ये स्क्रू आणि मूळ यांच्यातलं अंतर दाखवायला सांगा. अंतर कमी असेल तर उत्तर तिथेच मिळेल. नवीन जागा थोडी पुढे-मागे घेतील किंवा टाळूत घेतील. टाळूच्या पुढच्या भागात, मधल्या रेषेच्या जरा बाजूला, हाड चांगलं असतं, मुळांची अडचण कमी आणि यशही जास्त. उजव्या स्क्रूभोवती मऊ, छोट्या डोक्याचा ब्रश रोज फिरवू द्या, रक्त आलं तरी थांबू नका. आणि डावा जास्त हलू लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता आधी फोन करा. सैल स्क्रूवर स्प्रिंग ओढत ठेवू नये.