मुलीशी पाळीबद्दल बोलायचं, तर शब्द कोणते?

प्रश्न :
नऊ-दहा वर्षांच्या मुलीला पाळी आणि वयात येणं समजावून सांगायचं आहे. कोशात रजोदर्शन, ऋतुप्राप्ती, आर्तव हे शब्द सापडतात. बोलण्यात पाळी, पिरियड, एमसी, डेट, अडचण, प्रॉब्लेम, कावळा शिवणे असे कितीतरी आहेत. यातले कोणते ठेवावेत, कोणते टाकावेत आणि का?

प्रतिसाद १ :
'पाळी' ठेवा. 'आता तुझी पाळी' म्हणतो तोच हा शब्द. क्रमाने पुन्हा येणारी गोष्ट, एवढाच त्याचा अर्थ. त्यात ना लाज आहे, ना आजार. मैत्रिणी 'पिरियड' म्हणत असतील तर तोही चालेल, फक्त दोन्ही एकच आहेत हे आधी सांगून ठेवा.

'अडचण' आणि 'प्रॉब्लेम' मात्र खरोखर टाका. दर खेपेला नेहमीच्या स्रावालाच 'प्रॉब्लेम' म्हटलं, तर एखाद्या महिन्यात दर तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजू लागलं, किंवा आठवडा उलटून गेला तरी स्राव थांबेना, तेव्हा ती कोणता शब्द वापरणार? 'आई, प्रॉब्लेम आहे' हे वाक्य आधीच खर्ची पडलेलं असतं. या दोन्ही वेळी डॉक्टरांना दाखवायचं असतं. कावळा शिवणे, बाहेरची होणे यांतून शरीरात काय घडलं ते कळतच नाही, म्हणून तेही नकोत.

प्रतिसाद २ :
'पाळी'ला माझीही संमती, पण 'मासिक' जरा जपून. 'दर महिन्याला येते' ऐकून मूल तीच तारीख धरून बसतं. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत दोन पाळ्यांमधलं अंतर २१ ते ४५ दिवसांपर्यंत कमी-जास्त होणं नेहमीचं आहे, कारण दर वेळी बीजांड बाहेर पडतंच असं नाही.

त्यामुळे या वयात 'पाळी चुकली' म्हणू नये. मोठ्यांच्या बोलण्यात 'चुकली' म्हटलं की दिवस गेल्याची शंका येते, शिवाय चूक कुणाची तरी झाली असंही मुलीला वाटतं. 'लांबली' म्हणा. सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आलीच नाही, तर दाखवून घ्यावं.

प्रतिसाद ३ :
'दिवस' या शब्दाचा घोळही इथेच निस्तरू. 'किती दिवसांची पाळी?' या प्रश्नाचे दोन अर्थ होतात, आणि दवाखान्यात हमखास चुकीचं उत्तर दिलं जातं. 'किती दिवस असते' म्हणजे स्रावाचे दिवस. ते साधारण २ ते ७. 'किती दिवसांनी येते' म्हणजे चक्र. ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. ३ तारखेला सुरू झाली, ७ तारखेपर्यंत राहिली आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला पुन्हा आली, तर स्राव ५ दिवसांचा आणि चक्र २८ दिवसांचं. बरेच जण स्राव थांबल्यापासून मोजतात, मग आकडा २४ येतो आणि 'लवकर येते' अशी तक्रार विनाकारण नोंदवली जाते. मुलीला कॅलेंडरवर फक्त पहिल्या दिवसाला खूण करायला शिकवा.

'पाळी गेली' हेही जपून. थोरल्या बायकांच्या तोंडी याचा अर्थ रजोनिवृत्ती. मुलीसाठी 'स्राव थांबला' पुरे.

प्रतिसाद ४ :
अवयवांच्या शब्दांवर कुणी बोललं नाही, आणि खरी गफलत तिथेच होते. 'शूच्या जागेतून रक्त येतं' असं सांगितलं की मुलगी ते लघवीसारखं रोखून धरता येईल असं समजते, आणि पॅड कशाला लावायचं हे तिला कळत नाही. जागा तीन आहेत : पुढे मूत्रमार्गाचं तोंड, मधे योनीचं, मागे गुदद्वार. पाळीचा स्राव मधल्या जागेतून येतो. हे एका साध्या चित्रावर दाखवलं की पुढून मागे पुसायचं कारणही वेगळं सांगावं लागत नाही.

'योनी' हा शब्द आपण बाहेरच्या सगळ्या भागाला वापरतो. नेमका तो आतल्या मार्गाचा आहे. बाहेरच्या भागाला 'बाह्य जननांग' म्हणता येईल. शब्द जड आहे, तरी चार वेळा उच्चारला की रुळतो.

आता 'अशुद्ध रक्त', 'घाण रक्त'. हे शास्त्रदृष्ट्या सरळ चूक आहे. स्रावात रक्त, गर्भाशयाचं अस्तर आणि चिकट द्रव असतो. रंग तपकिरी दिसतो तो रक्त सावकाश बाहेर आल्यामुळे. अस्तर 'फाटतं' किंवा 'तुटतं' असं म्हणू नका, मुलीला आत जखम झाल्यासारखं वाटतं; 'सुटतं' म्हणा. एका पाळीत जाणारं रक्त साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. पॅड पाहून ते खूप जास्त वाटतं, म्हणून आकडा सांगाच.

प्रतिसाद ५ :
'वयात येणे'बद्दल. याचा अर्थ पाळी येणे एवढाच घेतला जातो, आणि मग पहिली दोन वर्षं कुणी काहीच बोलत नाही. बहुतेक मुलींत सुरुवात छातीपासून होते, साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान, आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. स्तनाग्राखाली कठीणसर, दुखरा भाग लागतो, तोही अनेकदा आधी एकाच बाजूला. त्याला 'गाठ' म्हणू नका. गाठ म्हटलं की घरातले मोठेसुद्धा धास्तावतात. 'स्तनाची कळी' हा शब्द नेमका आहे. मुलीलाही 'छाती दुखते' आणि 'छातीत दुखतं' यांतला फरक सांगा, म्हणजे धावपळ टळेल.

८ वर्षांच्या आत ही वाढ दिसली, १३ पर्यंत दिसलीच नाही, किंवा १५ पर्यंत पाळी आली नाही, तर डॉक्टरांना विचारावं.

'मोठी झालीस', 'शहाणी झालीस' हेही नको वाटतं. दहा वर्षांची मुलगी दहाच वर्षांची असते. पाळीनंतरही तिची उंची साधारण ५ ते ७ सेंटिमीटर वाढायची असते.

(जाता जाता : 'पौगंडावस्था' आपण आज किशोरवयाला म्हणतो, पण संस्कृतातल्या जुन्या विभागणीत पौगंड म्हणजे पाच ते दहा वर्षं, त्यापुढे कैशोर.)

प्रतिसाद ६ :
'अंगावरून पांढरं जाणं' राहिलं. बोलण्यात हे आजाराचंच नाव झालं आहे. पण पाळी यायच्या सहा महिने ते वर्षभर आधीपासून पातळ, पांढरट किंवा पारदर्शक स्राव येणं स्वाभाविक आहे, चड्डीवर तो वाळून पिवळसर दिसतो. 'पांढरा स्राव' म्हणा आणि पाळी जवळ आल्याची ती खूण आहे हे सांगा. खाज, दुर्गंधी, हिरवट रंग किंवा दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या तरच तक्रार समजायची.

प्रश्नकर्तीकडून :
फार उपयोग झाला. एकच राहिलं, 'डाग'. मुलगी 'डाग पडला' म्हणाली तर काय समजायचं?

प्रतिसाद ३ :
दोन्ही अर्थ होतात, म्हणून लगेच विचारा : कपड्याला लागला, की थेंबभरच दिसलं? पहिली पाळी बऱ्याचदा अशा तपकिरी थेंबांनीच सुरू होते. तसं असेल तर पॅड लावायला द्या, तो दिवस पहिला म्हणून कॅलेंडरवर लिहा, आणि स्राव कमी असला तरी पॅड चार ते सहा तासांनी बदलायला सांगा. कपड्याचा डाग असेल तर गार पाण्यात धुवायचा; गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात.