मदत हवी आहे: इनुइट अस्वलाचा दगड कोणता? आणि पांढऱ्या सीलचं शिल्प भारतात नेता येईल का?

नमस्कार मंडळी,

मुक्काम ऑटावा. इथल्या एका गराज सेलमध्ये इनुइट लोकांची (कॅनडाच्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी) दोन शिल्पं मिळाली. पहिलं तळहाताएवढं, एका पायावर नाचणारं अस्वल. दगड काळपट हिरवा, मधून फिकट शिरा. विकणाऱ्या आजी 'सोपस्टोन' म्हणाल्या. पण सोपस्टोन म्हणजे आपलं संगजिरंच ना? त्यावर नखानं ओरखडा उठतो. इथे तळाशी नख घासून पाहिलं, ढिम्म! तळावर इनुइट लिपीतली सही आणि 'ई७-' ने सुरू होणारा आकडा कोरलाय. रेझिनची (प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची) नक्कल तर नसेल?

दुसरा बोटभर लांबीचा पिवळसर पांढरा सील (हा समुद्री प्राणी). हाड, शिंग की हस्तिदंत, कळत नाही. दिवाळीत पुण्याला आईसाठी दोन्ही न्यायचा विचार आहे, विमान न्यूयॉर्कमार्गे. कुणी माहीतगार आहे का?

---

प्रतिसाद:

अस्वल सर्पेंटाइनचं असावं. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावरचे कारागीर तोच दगड जास्त वापरतात. तो संगजिऱ्यापेक्षा कठीण, म्हणून पॉलिशही छान घेतो. बाजारात मात्र सगळ्यालाच सोपस्टोन म्हणतात. रेझिन हाताला कोमट लागतं, दगड गार. साच्याची शिवण दिसते का तेही बघा.

'ई७' म्हणजे बॅफिन बेटाजवळच्या केप डॉर्सेट गावाचा, आताच्या किनगाइटचा भाग. कॅनडा सरकारनं १९४० च्या दशकात इनुइट लोकांना नावांऐवजी नंबरचे बिल्ले दिले होते (संताप येतो वाचून), तेच आकडे कारागीर शिल्पावर कोरत. नाचरी अस्वलं तर किनगाइटचे शिल्पकार पाउटा साइला यांची प्रसिद्धच. म्हणून लगेच त्यांचंच समजू नका, सही एखाद्या गॅलरीत वाचून घ्या. इग्लूचं चित्र असलेला टॅग सोबत असेल तर जपून ठेवा, १९५८ पासून तीच अस्सलपणाची खूण आहे.

खरी अडचण सीलची. कॅरिबूचं (उत्तरेकडच्या हरणाचं) शिंग असेल तर गाभा स्पंजासारखा सच्छिद्र दिसेल. वालरसचा (लांब सुळ्यांच्या समुद्री प्राण्याचा) सुळा असेल तर साबुदाण्यासारखा ठिपकेदार. व्हेलच्या हाडाला भोकं भोकं असतात. वालरस निघाला तर कॅनडातून बाहेर नेताना साइटीसचा (दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) परवाना लागतो, आणि अमेरिकेत १९७२ च्या कायद्यामुळे सागरी सस्तन प्राण्यांच्या वस्तूंवर कडक निर्बंध आहेत. न्यूयॉर्कमार्गे तो मुळीच नेऊ नका. अस्वल खुशाल न्या, दगडाला हे लागू नाही.

तापलेली सुई टोचून बघा असं कुणी सुचवलं तर सीलवर तो प्रयोग नको, डाग कायमचा राहील. त्याच्या पोटाकडचा जवळून फोटो टाका, मग सांगता येईल.