खाणबंदीने बुडालो की कर्जाने? आणि सरकारने वाचवायचं कुणाला?

डिचोलीकर (धागाकर्ता)
आमच्या गोव्यातल्या लोहखनिजाच्या पट्ट्यात कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: खाणबंदीने वाट लावली. 2012 मध्ये बेकायदा उत्खननावरून खाणी थांबल्या, मधे थोड्या चालल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या 88 लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं, खेळ खलास. मला हे अर्धंच पटतं. बंदी हे निमित्त, दुखणं आधीचं.

तेजीचा काळ आठवा. चीनला आपला हलक्या प्रतीचा मालसुद्धा चालत होता. 2011 च्या सुरुवातीला खनिजाचा जागतिक भाव टनाला 180 डॉलरच्या वर होता. फायनान्सवाला टिप्परच्या, म्हणजे खनिज वाहायच्या ट्रकच्या, कर्जाचे कागद घेऊन अंगणात यायचा. हप्ता कशावर बसवायचा? जेटीपर्यंत दिवसाला इतक्या ट्रिपा, त्याही कायमच्या. पावसाळ्यात खाण बंद, म्हणजे बारा महिन्यांचा हप्ता आठ महिन्यांच्या कमाईतून. पहिला टिप्पर फिटायच्या आत दुसरा दारात.

हायमन मिन्स्की या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने कर्जदारांचे तीन वर्ग केले. पहिला कमाईतून मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडतो. दुसऱ्याचं फक्त व्याज सुटतं, मुद्दलासाठी कर्ज फिरवत राहावं लागतं. तिसऱ्याला व्याजही झेपत नाही, भाव चढत राहतील या भरवशावर तो तगतो. तेजी लांबली की लोक पहिल्या वर्गातून तिसऱ्यात सरकतात, आणि ते कुणालाच दिसत नाही. अमेरिकेत घरांच्या कर्जांचं हेच झालं. लेहमन ब्रदर्स 15 सप्टेंबर 2008 ला बुडाली, पण ती कर्जं वाटली गेली त्याआधी काही वर्षं.

2015 संपताना खनिजाचा तोच भाव 40 डॉलरच्या आसपास होता. बंदी नसती तर तुमचे हप्ते फिटले असते?

उसगावचा टिप्परवाला
दादा, मिन्स्की राहू दे. मी कोणत्या वर्गात ते सांगतो: पहिल्या. ट्रिपा होत्या तोवर एकही हप्ता चुकला नव्हता. भाव पडला असता तर ट्रिपा कमी झाल्या असत्या. शून्य झाल्या त्या आदेशाने. बेकायदा उत्खनन कुणी केलं? मी? माझ्याकडे लीज नव्हती, फक्त स्टिअरिंग होतं. गाडी अंगणात उभी, टायर गेले, हौद्यात रान माजलं. विकायला काढली तर गिऱ्हाईक नाही, कारण शेजाऱ्याचीही विकायलाच उभी. ज्याच्याकडून कर्ज घेतलं त्याचा माणूस मात्र नेमाने यायचा.

गाड्या थांबल्यावर गॅरेज बसलं, टायरवाला बसला, चहाचा गाडा बसला. त्यांनी कुठे कर्ज काढलं होतं? गोवा सरकारने 2014 मध्ये कर्जसवलत योजना आणली ती उपकार म्हणून नाही. आणली नसती तर बाजारपेठच बंद पडली असती.

डिचोलीकर
योजनेला नाव ठेवत नाही, पैसा कुठे गेला ते बघ. सवलत मिळाली कर्जखात्याला, म्हणजे शेवटी सावकाराला. ज्याने डोळे मिटून कर्ज दिलं त्याचीच वसुली सरकारी खर्चाने झाली. गॅरेजवाल्याला त्यातून काय मिळालं?

काउंटरमागचा (निवृत्त)
दोघेही एक गोष्ट विसरताय: बँकेचा पैसा बँकेचा नसतो, ठेवीदाराचा असतो. कर्ज बुडालं की सावकाराला अद्दल घडते असं वाटतं, पण रांगेत उभ्या राहतात पेन्शनर बायका. पैसे काढण्यावर मर्यादा आल्याचा कागद दारावर चिकटला की काय होतं, ते मी आतून पाहिलंय. पासबुक पुढे सरकवून एकच प्रश्न: माझे आहेत ना?

1960 मध्ये केरळात पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर 1962 मध्ये ठेव विमा आला. 1993 पासून मर्यादा एक लाखावर अडकली होती, ती फेब्रुवारी 2020 मध्ये पाच लाख झाली. त्याच एप्रिलमध्ये म्हापसा अर्बन या सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, जुलै 2021 मध्ये मडगाव अर्बनचा. निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत विम्याचे पैसे द्यायचे, हा कायदा 2021 चाच. गोव्याला हे सगळं पुस्तकात वाचावं लागत नाही.

माशेलची ताई
ठेव वाचवणं वेगळं, बँकेचा मालक वाचवणं वेगळं. काका, तुम्ही दोन्ही एका पिशवीत घालताय. अमेरिकेने 2008 मध्ये 700 अब्ज डॉलरची योजना मंजूर केली, त्यात बँका तरल्या आणि घरं गेली ती गेलीच. राग त्याचा आहे.

आपल्याकडचंही बघा. 2008-09 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (बँकांना ती ज्या व्याजाने उसने पैसे देते तो) 9 वरून 4.75 टक्क्यांवर आणला, सीआरआर (ठेवींतला जो भाग बँकांना तिच्याकडे ठेवावा लागतो तो) 9 वरून 5 वर. सरकारने अबकारी कर कापला. त्या घडीला बरोबरच होतं. पण पुनर्रचनेच्या नावाखाली थकलेली कर्जं चांगली म्हणून दाखवायची सवलत वर्षानुवर्षं चालू राहिली, आणि 2018 मध्ये बँकांची बुडीत कर्जं 11 टक्क्यांच्या वर गेली. औषध सुरू करणं सगळ्यांना येतं, बंद कधी करायचं यावर कुणी बोलत नाही.

काउंटरमागचा (निवृत्त)
ताई, बंद घाईने केलं तरी मरण आहेच. शिवाय खरं काम तेजीतलं. वाय. व्ही. रेड्डी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असताना व्यापारी बांधकामाच्या कर्जांवरचा जोखीमभार (अशा कर्जामागे बँकेने किती भांडवल राखायचं त्याचं माप) 100 वरून 125 आणि पुढे 150 टक्के केला गेला, तेव्हा बिल्डर ओरडले. 2008 मध्ये आपल्या बँका टिकल्या त्यात त्या कडकपणाचाही वाटा होता. टिप्परच्या कर्जांवर तेव्हा असा हात कुणी आखडायला लावला असता, तर पहिला मोर्चा तुमच्याच गावातून निघाला असता.

डिचोलीकर
निघाला असता, मान्य. म्हणूनच मला कर्जमाफीपेक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या खाणनिकालातला कायम निधी जास्त पटतो: खनिजविक्रीतले 10 टक्के बाजूला काढायचे. तेजीतच काढायचे. चीन घेत होता तेव्हा तो निधी असता तर आज हा वाद झाला नसता.

उसगावचा टिप्परवाला
निधी पुढच्या पिढ्यांसाठी आहे म्हणतात. चांगलं आहे. पण बंदीच्या पहिल्या पावसाळ्यानंतर ऑक्टोबरचा हप्ता होता, तो त्यातून कोण देणार होतं ते सांग.

माशेलची ताई
खाणवाल्यांकडून बेकायदा उत्खननाची वसुली करून द्यायला हवा होता. तीच अजून बाकी आहे, आणि त्यावर या धाग्यात कुणी एक ओळ लिहिली नाही.