अनुभव धागा: बायोमेडिकल इंजिनिअरिंगकडे तुम्ही कसे वळलात?

बारावीचा निकाल लागला की ओळखीच्या घरांतून हमखास विचारणा होते: बायोमेडिकल म्हणजे नक्की काय, आणि तुम्ही ते का घेतलेत? थोडक्यात, उपचारांची यंत्रे आणि उपकरणे घडवण्याची व सांभाळण्याची ही शाखा. या शाखेतल्या कोकणवासीयांनी आपापले खरे कारण येथे लिहावे. ‘समाजसेवेची आवड’ हे मुलाखतीतले उत्तर नको. सुरुवात मी करतो.

माझे वडील आठवड्यातून तीनदा गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून एसटीने चिपळूणला डायलिसिससाठी, म्हणजे मूत्रपिंडांचे काम यंत्राकडून करवून रक्त शुद्ध करून घेण्यासाठी, जात, आणि अकरावीपासून बहुधा मीच सोबत असे. जुलैतल्या एका दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू होईना, आणि यंत्रातली बॅटरी तर केव्हाच निकामी झालेली होती. नळ्यांतले रक्त गोठण्याआधी शरीरात परत जायला हवे, म्हणून सिस्टरांनी यंत्राच्या बाजूला अडकवलेला छोटा दांडा काढून पंपाच्या चाकात बसवला आणि रहाटासारखा सावकाश फिरवायला घेतला. शेजारच्या पेशंटचीही तीच स्थिती होती, तेव्हा तो दांडा माझ्या हाती देऊन त्या तिकडे धावल्या. वडील माझ्याकडे पाहत होते आणि त्यांचे रक्त माझ्या मनगटाच्या वेगाने सरकत होते. नंतर वाचले की त्या यंत्रातून मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर रक्त शुद्ध करणारा द्रव जातो, म्हणजे चार तासांना सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. एप्रिलमध्ये आमच्या वाडीत एवढ्या पाण्यात एक घर दिवस काढते. त्यानंतर दुसरी कोणती शाखा डोक्यात आलीच नाही.

हर्णैहून एक विद्यार्थिनी: कोरोनाच्या काळात आशाताईंनी माझ्या आजीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तर आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा दिसू लागल्या. आजी नुकतीच बर्फातली मासळी निवडून उठली होती. ‘माझ्यात जीव नाय म्हणतंय काय ह्ये?’ असे म्हणून ती हसली. बोटे चोळून ऊब आल्यावर आकडा उमटला. गार बोटांत रक्ताची ये-जा मंदावते आणि लाल व अवरक्त प्रकाशातून यंत्र जी नाडी टिपते ती त्याला सापडत नाही, हे मला पुढे कळले. पण ‘असे का?’ हा प्रश्न मात्र त्याच ओट्यावर पडला होता.

कुडाळहून, सध्या नोकरीत: स्पष्टच लिहितो, माझी प्रेरणा म्हणजे नीटचे गुण. एमबीबीएसला ते पुरले नाहीत, खासगी महाविद्यालयाची फी बाबांच्या काजूच्या उत्पन्नात बसणारी नव्हती, आणि सीईटी दिलेली असल्याने कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत ही शाखा मिळाली. येथे जीवशास्त्राची हौस भागेल ही समजूत पहिल्याच वर्षी उतरली, कारण वाट्याला आले ते गणित आणि सर्किटे. मन रमले ते तिसऱ्या वर्षी, स्वतःच्या मनगटांना इलेक्ट्रोड लावून ईसीजी घेतला तेव्हा. हृदयाचा सिग्नल जेमतेम एक मिलिव्होल्टचा, आणि त्यावर घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर स्वार झालेली. पडद्यावर नुसती जाड, थरथरती पट्टी दिसत होती. फिल्टर जुळवता जुळवता संध्याकाळी त्या पट्टीतून एकेक टोक वर आले. प्रयोगशाळा बंद करायला आलेले शिपाईकाकाही पाहत थांबले.

रत्नागिरीतला सर्व्हिस इंजिनिअर: आमचे टीव्ही दुरुस्तीचे दुकान असल्याने खाऱ्या हवेने बोर्डावर चढलेला हिरवा गंज मी लहानपणापासून ओळखतो, तोच गंज रुग्णालयातल्या बंद मॉनिटरमध्ये पाहिला आणि ठरवले. नोकऱ्या मात्र बहुतेक मुंबई-पुण्याकडे, त्यातही पुष्कळशा विक्रीच्या. येणाऱ्यांनी हे आधीच जाणून घ्यावे.

देवगडहून: आंब्याच्या कलमावरून पडून काकांचा पाय गुडघ्याखाली गेला, तेव्हा मी नववीत होतो. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या साथीने घडवलेला जयपूर फूट हा कृत्रिम पाय त्यांना मिळाला. त्यावर अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, बागेतही जाता येते. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर मात्र तो घसरतो. मी या शाखेत आलो तो त्या तळव्यासाठी. मी केलेल्या तळव्याचा तिसरा नमुना सध्या काकांकडे आहे. त्यांचे म्हणणे, चढणीला बरा आहे, उतरणीला भरवसा नाही.