मामाच्या वहीतल्या बिनसालाच्या नोटा

मामाची_भाची:
माझा मामा मालवाहू जहाजांवर होता. १९८२ मध्ये त्याने समुद्र सोडला. तो गेल्यावर त्याची परदेशी नोटांची वही माझ्याकडे आली. कुठली नोट कुठल्या सफरीची, हे त्याने लिहून ठेवलेलं नाही. पण सफरींच्या तारखा त्याच्या नोंदपुस्तिकेत आहेत. त्या जुळवून वही लावायची आहे. तीन नोटांवर अडले आहे.

एक हिरवा ब्रिटिश पाउंड, साल कुठेच नाही. एक जपानी हजार येन, मिशीवाले गृहस्थ, यावरही नाही. आणि कुवेतचा एक दिनार. त्यासाठी अरबी आकडे शिकले, तर स्पष्ट १९६८ निघालं! पण मामा कुवेतला पहिल्यांदा गेला डिसेंबर १९८० मध्ये. इतकी जुनी नोट त्याला कशी मिळाली असेल?

जुना_कागद:
ताई, आकडा बरोबर वाचलात, पण ते साल कायद्याचं आहे. ती सगळी ओळ कुणाकडून तरी वाचून घ्या: १९६८ चा कायदा क्रमांक ३२. नोटा काढण्याचा अधिकार त्या कायद्याने दिला, म्हणून पुढच्या मालिकांवरही तोच छापत राहिले. सौदीच्या जुन्या नोटांवर हिजरी १३७९ दिसतं, तेही असंच. मी स्वतः पहिली दोन वर्षं अशा नोटा चुकीच्या पानावर लावल्या होत्या, म्हणून कळकळीने सांगतो.

दिनारावर अमिरांचं चित्र आहे का? १९७० च्या मालिकेवर शेख सबाह आहेत. चित्र नसून राजचिन्ह असेल तर नोट १९८० ची किंवा नंतरची. १९९० मध्ये इराकी सैन्याने नोटांचे साठे लुटले, तेव्हा कुवेतने त्या मालिकेच्या नोटा रद्द केल्या आणि त्याच धाटणीच्या, वेगळ्या रंगांच्या नव्या काढल्या.

पाउंडावर सही बघा. बँक ऑफ इंग्लंडच्या चीफ कॅशियरची असते. होलम १९६२ ते ६६, फोर्ड १९६६ ते ७०, पेज १९७० ते ८०.

मामाची_भाची:
अमीर नाहीत, राजचिन्हच आहे! आणि पाउंडावर फोर्ड, सुरुवातीला दोन एफ. पुस्तिकेत १९६९ आणि १९७४ अशा दोन लिव्हरपूल सफरी आहेत. मग ६९ ची धरू ना?

जुना_कागद:
घाई नको. सहीवरून छपाईचा काळ कळतो, मामांच्या हाती कधी पडली ते नाही. तो पाउंड ३१ मे १९७९ पर्यंत चलनात होता, म्हणजे ७४ मध्येही कुणी सुटे पैसे म्हणून देऊ शकलं असतं. नोट कोरी आहे की घड्या पडून मऊ झाली आहे? कोरी असेल तर ६९ कडे झुकेन. तरी वहीत लिहिताना 'बहुधा' लिहा.

निळी_शाई:
येनबद्दल. मिशीवाले म्हणजे कादंबरीकार नात्सुमे सोसेकी. ती नोट चलनात आली १ नोव्हेंबर १९८४ ला. त्याआधीच्या हजारीवर दाढीवाले इतो हिरोबुमी होते. खालच्या काठाला छापखान्याचं नाव बारीक अक्षरात असतं. अर्थमंत्रालयाचं जपानी नाव २००१ मध्ये बदललं, तसं हेही बदललं, आणि २००३ मध्ये छापखाना स्वायत्त झाल्यावर पुन्हा एकदा. त्या ओळीचा मोठा करून फोटो टाका, म्हणजे या तिन्हींतली कुठली ते सांगता येईल. पण यांतली कुठलीही असली तरी मामांनी ती सफरीत मिळवलेली नाही.

मामाची_भाची:
१९८४? तेव्हा मामा घरीच होता. ती नोट वहीच्या शेवटच्या पानावर एकटीच, चार कोपरे लावून ठेवली आहे. बाकीच्या नुसत्या सरकवल्या आहेत. कुणीतरी आणून दिली असणार. मामीला आजच फोन करते. फोटो रात्री टाकते.