मारुती ८०० (कार्ब्युरेटर): पावसात तीन आठवडे उभी होती, सेल्फ फिरतो पण स्टार्ट होत नाही

चिपळूण_आठशे
१९९६ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, हाताने ओढायचा चोक. तीन आठवडे उघड्यावर, भर पावसात उभी होती. आता सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन एकदाही उचलत नाही. बॅटरी चावी बंद असताना १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.३. टाकीत अंदाजे ८ लिटर पेट्रोल. तिन्ही प्लग काढून पाहिले, कोरडे ठणठणीत. प्लग इंजिनला टेकवून सेल्फ मारला तर पिवळट, बारीक ठिणगी येते. मिस्त्री म्हणतात कार्ब्युरेटर खोलून किट (आतल्या वायसर-रबरांचा संच) टाकू आणि ठिणगीचा करंट बनवणारी कॉइलही बदलू. आधी काय तपासावं?

पाना_दहाबारा
दादा, बॅटरी आणि सेल्फ सोडून द्या. सेल्फ मारताना साडेनऊच्या वर राहते म्हणजे बॅटरीला दोष नाही. तुमच्या वर्णनात दोन स्वतंत्र गोष्टी दिसतात: प्लग कोरडे म्हणजे पेट्रोल येत नाही, आणि ठिणगी पिवळी म्हणजे करंट कमी. दोन्ही एकदम धरू नका. आधी ठिणगी, कारण पेट्रोल उघडं असताना ठिणगीची चाचणी करायची नसते.

डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची, कॅप काढा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आतला फिरणारा तुकडा, म्हणजे रोटर, फिरतो का बघा. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर आणि टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप दोन्ही कॅमशाफ्टवर चालतात, आणि कॅमशाफ्टला टायमिंग बेल्ट फिरवतो. रोटर थांबलेला असेल तर टायमिंग बेल्ट तुटलाय. मग पुढचं सगळं तिथेच थांबवा, पुन्हा सेल्फ मारू नका.

रोटर फिरत असेल तर कॅप परत बसवा. कॉइलकडून येणारी मधली जाड वायर कॅपमधून ओढा, रबरी मुठीच्या पक्कडीने धरा आणि तिचं टोक इंजिनच्या कोऱ्या धातूपासून ६ मिलिमीटरवर ठेवून सेल्फ मारा. वायर लांब मोकळी सोडू नका, करंटला वाट मिळाली नाही तर कॉइल किंवा मॉड्युल (कॉइलचा करंट तोडणारा-जोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जातं. इथे निळी, टचटच वाजणारी ठिणगी आली तर कॉइल ठीक आहे, दोष कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरींत. इथेही पिवळीच आली तर दोष कॉइलमध्ये किंवा कॉइलच्या अलीकडे.

चिपळूण_आठशे
रोटर फिरतो. मधल्या वायरला ठिणगी निळी आणि जाड आहे. प्लगला मात्र तीच पिवळी.

जुनी_चाकं
मग कॉइलचे पैसे वाचले. कॅप उलटी करून उजेडात धरा. आतल्या पितळी टोकांवर पांढरा-हिरवा थर असेल तर खरवडून काढता येतो. पण दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली, तर कॅप टाकून द्यायची. ती जळलेल्या प्लॅस्टिकची कार्बनची रेघ असते, करंट तिच्यावरून पळतो. घासली तरी खाच राहते आणि पहिल्या दमट दिवशी परत तेच. कॅप बदलताना रोटरही बदला. मधला कार्बनचा ब्रश स्प्रिंगवर मोकळा खालीवर होतो ना, तेही बोटाने दाबून बघा.

वायरी एकेक करूनच नव्या कॅपवर लावा, फायरिंग ऑर्डर (प्लग पेटण्याचा क्रम) १-३-२ आहे. आत पॉइंट (मॉड्युलचंच काम करणारे जुने यांत्रिक संपर्क) असतील तर गॅप ०.४ ते ०.५ मिमी. मॉड्युल असेल तर हात लावायची गरज नाही. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८.

चिपळूण_आठशे
काळी रेघ होती. कॅप आणि रोटर नवीन टाकले, आता तिन्ही प्लगना निळी ठिणगी येते. गाडी अजून उचलत नाही, प्लग कोरडेच.

पाना_दहाबारा
आता पेट्रोल. प्लग आणि वायरी आधी जागेवर लावा. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजेक्शनच्या सिरिंजने ५ मिली पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडात सोडा, बाटली लांब ठेवा, झाकण परत लावा आणि मगच सेल्फ मारा. झाकण उघडं ठेवून मारू नका, बॅकफायर झाला तर भडका थेट तोंडाशी येतो. दोन-तीन सेकंद चालून बंद पडली तर ठिणगी आणि टायमिंग दोन्ही चालण्याइतके ठीक आहेत, फक्त पेट्रोल पोहोचत नाही.

उभ्या गाडीत फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरमधल्या छोट्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं, ते पंपाने परत भरावं लागतं. सेल्फवर इंजिन मिनिटाला साधारण २०० फेरे घेतं, पंप त्याच्या निम्मे ठोके मारतो. म्हणजे १५ सेकंदांत जेमतेम २५ ठोके. त्यामुळे लगेच निराश होऊ नका, पण सेल्फ एका वेळी ५-७ सेकंदच, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती.

तरीही नाही आलं तर कॉइलची मधली वायर काढून तिचं टोक पक्कं अर्थ करा, कार्ब्युरेटरला येणारा पाइप सोडून बाटलीत घाला आणि सेल्फ मारा. धार ठोक्याठोक्याने यायला हवी. नाही आली तर पंपाचा टाकीकडचा पाइप काढून त्या जागी नव्या पाइपचा तुकडा लावा, तो पेट्रोलच्या दुसऱ्या बाटलीत बुडवा आणि परत बघा. बाटलीतून पंप ओढतो पण टाकीतून ओढत नाही, याचा अर्थ मागच्या पाइपात हवा शिरते किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबलाय. बाटलीतूनही ओढत नसेल तर पंपच गेला.

गॅरेज_रत्नागिरी
यात एक भर. पंप संशयित असेल तर आधी डिपस्टिक काढून वास घ्या. पंपातला रबरी पडदा (डायफ्राम) फाटला तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, लेव्हल वर चढते आणि ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. तसं असेल तर इंजिन चालवूच नका, बेअरिंग जातील. पंप, ऑइल आणि ऑइलचा फिल्टर तिन्ही बदला, मगच स्टार्ट.

हवा बहुतेक वेळा लोखंडी पाइप संपून रबरी तुकडा सुरू होतो तिथे शिरते. बाहेर पेट्रोल गळताना दिसत नाही, कारण पंपाच्या टाकीकडच्या बाजूला ओढ असते, दाब नसतो. क्लिप सैल करून रबर वाकवा, चिरा दिसतील. आता रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल या काळातल्या रबरासाठी नाही, त्याने रबर लवकर कडक पडतं. नवीन पाइप एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या पाइपच्या दर्जाची खूण) छापलेला घ्या, साधा पाण्याचा चालणार नाही. फिल्टर लावताना बाण कार्ब्युरेटरकडे.

कार्ब्युरेटरला पेट्रोल येतंय याची खात्री होईपर्यंत तो मिस्त्रींना खोलू देऊ नका. पेट्रोल पोहोचूनही प्लग कोरडे राहिले तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल सोडणारा नीडल व्हॉल्व्ह चिकटला असेल: फ्लोट चेंबरवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोके मारून बघा. चोकवर चालते आणि चोक आत ढकलताच बंद पडते असं झालं, तर कार्ब्युरेटरवरचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा छोटा व्हॉल्व्ह) तपासा. चावी ऑन केल्यावर टक असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर आधी त्याच्या वायरला १२ व्होल्ट येतात का ते टेस्टरने बघा.