वाळवणाला नावं ठेवणाऱ्या नागपूरकर दादांना उत्तर

माहेर_लाखांदूर
काल इथं एका दादांनी लिहिलं, "गावाकडचं वाळवण म्हणजे धूळ, माशा अन् मेलेली जीवनसत्त्वं. घरोघरी फ्रीज आलाय, रानभाज्या फ्रीजरमध्ये ठेवा." वाचल्यापासून डोक्यात बसलंय.

दादा, आमच्याकडं झड लागली की तारेवर फांदी पडते अन् लाइन दोन-दोन दिवस येत नाही. गेल्या पावसाळ्यात जावेनं काटवलं (करटोली) फ्रीजरमध्ये भरली होती. तिसऱ्या दिवशी डबा उघडला तर आंबूस पाणी, सगळं उकिरड्यावर. त्याच घरात मडक्यात वांग्याचा खुला होता, माघात चिरून खाटेवर वाळवलेला. मूठभर काढून गरम पाण्यात भिजवला. तलावातले सुकलेले झिंगे तव्यावर कोरडे भाजले, मिशा-डोकी चोळून सुपात पाखडली अन् पाट्यावरच्या लसूण-मिरचीत रस्सा केला. खुला ताज्या वांग्यासारखा गळत नाही, दाताखाली येतो. ती चव फ्रीजरमधून येत नाही. धुळीचं म्हणाल, तर आई वरून जुनं धोतर पसरते, चार कोपऱ्यांना चार दगड. लाखोळीची (लाख डाळीच्या रोपाची) भाजीसुद्धा शेंडे खुडून अशीच वाळवतो. क जीवनसत्त्व जातं, मान्य. लोह कुठं उडून जाते?

नागपूरकर
तो दादा मीच. ताई, राग समजला. पण मागच्या वर्षी गावाहून आलेले झिंगे आतून ओलसर होते. पिशवीत बुरशी धरली, बायकोनं वरवर झटकून रांधले. मुलाला रात्रभर उलट्या अन् दोन दिवस सलाईन. त्या रात्रीनंतर वाळवणाचं कौतुक मला ऐकवत नाही. तुमच्या जावेनं काटवलं कच्चीच ठेवली असतील. उकळत्या पाण्यातून दोन मिनिटं काढायची, गार करायची, कोरडी करून मग ठेवायची.

अन् तुम्ही अजून लाखोळी खाता? 1961 साली राज्यानं विक्रीवर बंदी उगाच आणली नव्हती. पाय जातात माणसाचे.

गाढवी_काठ
लाखोळीचं नाव निघालं की शहरातल्या माणसाला पायच दिसतात! धान कापायच्या आधी बांधीच्या (धानाच्या खाचराच्या) ओलीवर बी फेकायचं, ना नांगर ना खत ना पाणी. आमच्या कोरडवाहू जमिनीत धानामागं दुसरं काय येते, सांगा न. माझी आजी नव्वदीपर्यंत लाखोळीचं वरण खाऊन शेतात गेली. डाळ गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग शिजवायची. बरंचसं विष पाण्यात उतरते. वास्ते (बांबूचे कोंब) नाही का आपण उकळून पाणी फेकूनच रांधत? त्यावर कोणी बंदी घातली?

नागपूरकर
एका आजीवरून शास्त्र ठरत नाही, भाऊ.

गाढवी_काठ
अन् एका पिशवीवरून ठरते काय?

वऱ्हाडातला
तुम्ही वाळवायचं कसं ते भांडून राहिले, आमच्याकडं वाळवायला उरलंच काय? सोयाबीन आलं अन् तणनाशकाचे पंप आले. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) तांदूळजा, घोळ, कुंजर मुठीनं निघायची. आता धुरा पिवळा. बायको सहा किलोमीटरवरच्या बाजारातून विकतची रानभाजी आणते. शेतकऱ्याच्या घरी!

रानमाळ
सशाचं मटण मीठ-हळद लावून चुलीवर धुरी देऊन ठेवायचे, ते कोणी लिहीत नाही?

माहेर_लाखांदूर
1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. तो विषय इथं नको.

सालदाराची_नात
इतका वेळ गप्प होते. माझे आजोबा टाचा न टेकता चालायचे, दोन हातांत दोन काठ्या. सालदार होते, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारे. एका दुष्काळी वर्षी मजुरीत पैसा नाही, तांदूळ नाही, निव्वळ लाखोळी मिळाली. तीन-चार महिने दोन्ही वेळा तीच. सरपणाची ओढ, म्हणून पाणी फेकणंही झालं नाही. पाय वळले ते वळलेच. गाढवी भाऊ, तुमच्या आजीच्या ताटात लाखोळीसोबत भात असेल, भाजी असेल, तलावातली मासोळी असेल. आमच्या आजोबांच्या ताटात दुसरं काहीच नव्हतं. पाणी फेकलं की झालं, असं कृपा करून लिहू नका. कोणी गरीब वाचून तेवढ्यावरच राहील.

गाढवी_काठ
ताई, हे माहीत नव्हतं. रोजचं मुख्य अन्न म्हणून लाखोळी नको, एवढं मान्य करतो. पण बांधीतून ती उपटून टाका म्हणणाऱ्याला मी विरोधच करीन. रतन, प्रतीक, महातिवरा ही कमी विषाची वाणं आहेत. ते बी गावागावांत पोचवा म्हणा न! बंदी सोपी पडते, बी पोचवणं जड जाते.

नागपूरकर
वाणांचं पटलं. फ्रीजरचं माझं मत तेच आहे, निदान ज्यांच्याकडं लाइन राहते त्यांच्यासाठी. तरी ताई, एक विचारतो. झिंगा आतून वाळला हे ओळखायचं कसं? मुलगा अजून मागतो.

माहेर_लाखांदूर
मधोमध मोडून पाहा. टचकन तुटला तर वाळला; वाकला तर परत दोन दिवस उन्हात. बुरशी दिसली तर अख्खी पिशवी फेका, झटकून रांधू नका. अन् पावसाळ्याआधी एकदा सगळं ऊन दाखवून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं की आत घाम धरते, तिथूनच बुरशी लागते.